चार्ज देताना

पोरी,

निकालाच्या दिवशी तू पाया पडायला आलीस, तेव्हा केसांत गुलाल होता आणि बाहेर ताशा वाजत होता. बोलणं झालं नाही. आता गर्दी ओसरली असेल, म्हणून लिहिते.

कारभार कसा करायचा, असं तू विचारलंस. ते ग्रामसेवक सांगतील, तालुक्याला प्रशिक्षण होईल. मला वेगळंच सांगायचंय. पुढच्या सरपंचाला काय देऊन जायचं, ते आजपासून जमवायला लाग.

आत्ताच कशाला, असं वाटेल तुला. पंचायतींत बायकांसाठी जागा राखून ठेवणारी ७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली म्हणून आपण या खुर्चीपर्यंत पोचलो. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पण सरपंचपदाचं आरक्षण फिरतं. पाच वर्षांनी सोडत निघते आणि चांगली तयार झालेली बाई घरी बसते. तिच्याबरोबर तिला कळलेलं सगळं घरी जातं आणि नवी बाई पहिल्यापासून धडपडते.

मला चार्जमध्ये मिळालं ते शिक्का, कपाटाची किल्ली आणि दप्तराची यादी. पहिल्याच उन्हाळ्यात वरच्या आळीत गटाराचं काम काढलं आणि जेसीबीने पाण्याची मेन लाईन फुटली. पाणी बंद करायचा वॉल काँक्रीटच्या रस्त्याखाली गेलेला. नेमका कुठे, ते कुठल्याच कागदावर नव्हतं. पाणी सोडणारे आबा काम सोडून मुलाकडे राहायला गेले होते. आधीचे सरपंच गावातच होते, पण विरोधी गटाचे. मी त्यांच्या दारात गेले नाही. पाच दिवस निम्मं गाव टँकरवर. सहाव्या दिवशी गेले, तर त्यांनी चपला घातल्या, माझ्यासोबत आले आणि काठीने जागा दाखवली. माझ्या ताठ्यापायी बायका पाच दिवस हंडे घेऊन उन्हात उभ्या राहिल्या. त्याचं वाईट मला अजून वाटतं.

मग आबांना बोलावून घेतलं. चार सकाळी त्यांच्या मागून फिरले. कुठला वॉल किती फेरे उघडायचा, कुठल्या आळीला आधी सोडलं की टेकावरच्या घरांना पाणी चढत नाही, सगळं शाळेतल्या मुलांकडून ड्रॉइंग शीटवर काढून घेतलं. तो कागद कार्यालयाच्या भिंतीवर आहे. नवा नळजोड दिलास की त्यात भर घाल.

दुसरं म्हणजे एक वही ठेव. प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, ठराव असतो, त्यामागचं कारण नसतं. स्मशानभूमीचा रस्ता ओढ्याच्या बाजूने का वळवला, हे तुला कुठेच लिहिलेलं सापडणार नाही. एका शेतकऱ्याने बांधालगतची पट्टी तोंडी शब्दावर सोडली होती, तिथे भिंत घालायची नाही एवढ्या अटीवर. हे ठाऊक नसलेला कुणी उद्या भिंत बांधेल आणि रस्ता बंद होईल. असे शब्द तारखेसह लिही. चुकलेले निर्णयही लिही, तेच जास्त उपयोगी पडतात.

जमलं तर हिवरे बाजारला जाऊन ये. पोपटराव पवार १९८९ साली तिथे सरपंच झाले. लोक बंधारे आणि झाडी बघून परततात. तू त्यांचा पाण्याचा ताळेबंद समजून घे. पाऊस किती झाला, पाणी किती आहे, मग कुठली पिकं घ्यायची, हे ग्रामसभेत मांडलं जातं. एरवी पुढाऱ्याच्या डोक्यात राहणारा हिशोब तिथे गावाला पाठ आहे. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही हा नियम इतकी वर्षं टिकला, तो मला वाटतं त्यामुळेच.

माझी मोठी चूक सांगते. तीन वर्षं पंचायत समितीत मी एकटीच जायचे, एकटीच बोलायचे. सोबतच्या सदस्य बायका सही करायच्या. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात, हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलंही नव्हतं. चौथ्या वर्षी बचत गटातल्या एकीला ग्रामसभेत जमाखर्च वाचायला लावला. दोनदा अडखळली. मला उठून कागद हातात घ्यावासा वाटत होता. बसून राहिले. तिसऱ्या सभेत तिने पाणीपट्टीच्या थकबाकीवर लोकांना स्वतः उत्तरं दिली.

आणि फायली नवऱ्याच्या हाती देऊ नकोस. तो चांगला माणूस आहे, मी ओळखते त्याला. पण कागद त्याने हाताळले तर शिकेल तो, आणि पुढची बाई विचारायला येईल तेव्हा तुझ्याकडे सांगायला काहीच नसेल.

माझ्यानंतर आले ते विरोधी पॅनेलचे. दोन दुपारी त्यांच्याशेजारी बसून वही वाचून दाखवली. त्यांना वाटलं, ही काहीतरी लपवतेय. आमच्या घरचेही रागावले, त्यांना कशाला शहाणं करतेस म्हणून. पुढच्या वैशाखात रात्री दहाला ते दारात उभे होते, जुन्या विहिरीवरच्या मोटारीचं विचारायला. मी टॉर्च घेतली आणि गेले.

त्या वहीची झेरॉक्स माझ्याकडे आहे. रविवारी ये. येताना विरोधी गटाच्या त्या दोघी सदस्यांनाही घेऊन ये. चहा ठेवते.

तुझी मावशी