आजी, त्याच्या जिभेला काही झालेलं नाही

रामबागेतल्या एक आजी आणि त्यांची सून साडेपाच वर्षांच्या चिनूला घेऊन आल्या (नाव बदललंय). बसता बसताच आजी म्हणाल्या, "वेखंड उगाळून जिभेला लावून झालं, मध चाटवून झाला. तरी बोबडंच बोलतो हो!" आईची काळजी वेगळी होती. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, घरात मराठी बंद करा, मुलाचा गोंधळ होतोय. "मॅडम, घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. आमचंच चुकलं का?"

इंदूरच्या मराठी घरांतून हा प्रश्न मला सारखा येतो.

चिनू डंपर घेऊन खाली बसला होता. "आ-आ-आजी, हा ड्..." आणि शब्द अडला. ओठ उघडे, आवाज नाही, मानेची शीर ताठ, डोळे घट्ट मिटलेले. आईने चटकन "डंपर" म्हणून टाकलं. त्याने डंपर ठेवून दिला आणि नंतर कितीतरी वेळ बोललाच नाही.

हे बोबडं बोलणं नव्हे. बोबड्या बोलण्यात अक्षर बदलतं, 'काका'चं 'ताता' होतं. 'र' तर पुष्कळ मुलांना उशिराच जमतो. चिनूचे उच्चार स्वच्छ होते. शब्द ठाऊक होता, पण बाहेर पडत नव्हता. हा तोतरेपणा. सतत घोगरा आवाज ही आणखी वेगळी तक्रार, आणि पक्षाघातानंतर एखाद्या आजोबांना शब्दच न सापडणं त्याहून वेगळी. प्रत्येकीचा उपचार निराळा.

तोतरेपणा बहुधा 2 ते 5 वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि बऱ्याच मुलांचा आपोआप जातो. तो दोन-तीन भाषांमुळे होत नाही, रागावल्यानेही नाही. पुष्कळदा तो घराण्यात असतो. हे ऐकून आजी हळूच म्हणाल्या, "याचा काका असाच बोलायचा. आम्ही फार चिडवलं हो त्याला." आणि थोड्या वेळाने, "पण माझ्याबरोबर श्लोक म्हणताना हा एकदासुद्धा अडत नाही." बरोबरच आहे, कुणाच्या सुरात सूर मिसळून म्हणताना अडखळणं कमी होतं. मराठी बंद केली असती, तर हा आधारच गेला असता!

मी तीनच गोष्टी सांगितल्या. त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका. "सावकाश बोल, श्वास घे" म्हणू नका, तुम्हीच सावकाश बोला. रोज 5 मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून फक्त त्याचं ऐका. अडखळणं 6 महिन्यांहून जास्त चाललेलं, अंगावर ताण दिसत होता, घरात काकाचं उदाहरण होतं, म्हणून थांबून न पाहता स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. ऐकण्याची तपासणीही करून घ्यायला सांगितली.

परवा आईचा फोन आला. मधेच चिनूने तो ओढून घेतला. "म-म-मॅडम, माझ्या ड... डंपरचं चाक निघालं." पलीकडे कुणीही त्याचा शब्द पुरा केला नाही.