घराचं रहस्य की घरातलं गुपित?

नौपाड्यातल्या आमच्या वाचनगटातल्या एक ताई कादंबरी लिहीत आहेत. तीन बहिणी, वडील गेल्यावर आवरायला काढलेलं जुनं घर, आणि आईबद्दलची एक गोष्ट. थोरलीला ती चाळीस वर्षं ठाऊक आहे, धाकट्या दोघींना नाही. ताईंनी विचारलं, "मलपृष्ठावर 'एका कुटुंबाचं रहस्य' लिहू की 'गुपित'? गुपित जरा पोरकट वाटतं. आणि 'कपाटातला सांगाडा' असं म्हटलेलं मराठीत चालेल का?"

ताई, गुपितच लिहा.

रहस्य हा शब्द 'रहस्' वरून आला. रहस् म्हणजे एकांत. चारचौघांत न सांगायचं, सहजी हाती न लागणारं ते रहस्य. त्यातूनच गाभा, मर्म हा अर्थ आला. टिळकांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त तोच अर्थ आहे. तिथे कुणी काही दडवून ठेवलं असं सुचवायचं नाही. विश्वाचं रहस्य म्हणतो तेव्हाही ते कुणी लपवलेलं नसतं.

गुपिताचं तसं नाही. त्याच्या मुळाशी 'गुप्' हा धातू आहे आणि त्याचा अर्थ राखणे, सांभाळणे. चंद्रगुप्त म्हणजे चंद्रानं राखलेला. राखायचं म्हणजे नजरेआड ठेवायचं, म्हणून गुप्त म्हणजे लपलेलं. तेव्हा गुपित म्हटलं की ते राखणारा माणूस आलाच. कुणासाठी राखलं, कुणापासून राखलं, हे प्रश्नही आले. तुमची कादंबरी याच प्रश्नांवर उभी आहे. वाचकाला आईचं काय झालं होतं हे हवंच आहे, पण त्याहून जास्त त्याला थोरली गप्प का राहिली ते हवं आहे. 'रहस्य' लिहिलंत की मलपृष्ठावरून थोरलीच नाहीशी होते.

क्रियापदं पाहा, ती खोटं बोलत नाहीत. रहस्य उलगडतं, घडी घातलेलं लुगडं उलगडावं तसं. गुपित फुटतं. परीक्षेचा पेपर फुटतो, बातमी फुटते, कारण ती कुणाच्या तरी ताब्यात असते. वर्तमानपत्रांतल्या 'गौप्यस्फोटा'तही गुप् आणि फुटणं शेजारी शेजारी बसलेत. संस्कृतात 'षट्कर्णो भिद्यते मन्त्रः' म्हणतात: सहा कानांवर गेलेला बेत फुटतो, चार कानांत टिकतो. आपण 'षट्कर्णी होणं' म्हणतो ते यावरूनच. तुमच्याकडे आई आणि थोरली, चार कान, आणि चाळीस वर्षं ते टिकलं. मधली बहीण खोलीत येते तेव्हा कान सहा होतात. ते प्रकरण तुम्ही अजून लिहिलेलं नाही म्हणालात. मला त्याचीच वाट आहे.

पोरकटपणाची शंका मात्र खरी आहे. 'तुला एक गुपित सांगते, कुण्णाला सांगू नकोस' हे आपण पहिलीदुसरीत बोललेलो असतो, म्हणून शब्द छोटा वाटतो. पण लहानपणी तो आपण किती गंभीरपणे वापरायचो तेही आठवा. त्या वयात गुपित फोडणाऱ्याशी कट्टी होत असे. तुमच्या थोरलीच्या मनात तीच कट्टीची भीती मोठी होऊन बसली आहे, असं मला वाचताना वाटलं.

'बिंग' घेऊ नका. बिंग लबाडाचं फुटतं, आणि तुमची आई लबाड नाही. 'गौडबंगाल'ही नको, त्यात जादूटोण्याचा आणि बनवाबनवीचा वास येतो.

सांगाडा तर अजिबात नको. आपल्या कपाटात गोधड्या असतात, दागिन्यांचा डबा असतो. घरानं लपवलेल्या लाजिरवाण्या गोष्टीला इंग्रजीत कपाटातला सांगाडा म्हणतात, मराठीत तो परक्या भाषेतून उचलून आणलेला दिसतो. आपल्याकडे 'झाकली मूठ सव्वा लाखाची' आहे, आणि त्याहून नेमकं म्हणजे 'कुठेतरी पाणी मुरतंय'. आमच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या मोरीची गळती दोन पावसाळे कुणाला सापडली नव्हती. ओल यायची ती पार खाली, पहिल्या मजल्यावरच्या देवघरामागच्या भिंतीला. दरवर्षी रंग काढायचा, दरवर्षी पोपडे. धाकटीचा तो विनाकारण चिडका स्वभाव लिहिताना हा वाक्प्रचार जवळ ठेवा.

आता एक न विचारलेली गोष्ट. तिसऱ्या प्रकरणात थोरली म्हणते, 'आईचं रहस्य मला ठाऊक होतं.' इथे मी गुपितसुद्धा घालणार नाही. मलपृष्ठावर तो शब्द हवा, तिच्या तोंडी नको. घरातली माणसं अशा गोष्टीला नावच देत नाहीत. 'तो विषय काढू नकोस', 'तेव्हाचं ते', 'नागपूरचं सगळं' एवढंच. आमची मोठी काकू जांभळी नाक्याजवळची खोली सोडताना एक पत्र्याचा डबा माझ्या हातात देऊन म्हणाली होती, "हे राख हो." आत काय आहे ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. गुप् धातूचा अर्थ मला कोशात सापडला त्याच्या कितीतरी आधी तो मी असा ऐकला होता.

तेव्हा थोरलीला एवढंच म्हणू द्या: 'आईचं मला ठाऊक होतं.'