जुन्या सावकारी पेढीच्या गहाणातले कोरीव जेडचे दागिने विकायला आहेत. खरे कसे ओळखायचे, घ्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की नागपूरच्या इतवारीतल्या ओळखीच्या सराफाने संच पाहून ‘दगडाला काय भाव, सोन्याचं वजन तेवढं धरा’ असं सांगितलं. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय, म्हणूनच लिहायला बसलो. सराफाला सोनं कळतं. जेडवर त्याचं मत पानठेल्यावर विचारलं तरी चालेल.

माझे वडील इथल्याच महाल भागात एका सावकारी पेढीवर दिवाणजी होते. पेढी बंद पडली तेव्हा त्यांचा पगार थकलेला होता. मालकाने रोख द्यायच्या ऐवजी न सुटलेल्या गहाणातली एक हौलदिली दिली. छातीची धडधड थांबावी म्हणून पूर्वी जेडचं असं पदक गळ्यात घालत. पालकाच्या देठासारखा फिका हिरवा चपटा दगड, एका बाजूला कमळ कोरलेलं, एका पाकळीची कड उडालेली. सोनं गुंजभरही नाही. माझे काका तेव्हापासून लग्न-मुंजीत चारचौघांत म्हणायचे, “दादाले गोटा टेकवला अन् दादा घेऊन आला!” वडील काही बोलायचे नाहीत. एकदा काकांनी त्यावर ब्लेड ओढून पाहिलं. ओरखडा उठला नाही, तर म्हणे, “मंग काच असंल.”

वडील गेल्यावर मी ती सराफ्यात एका कारागिराकडे नेली. त्याचा काटा घेतला, वर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवला आणि आकडा शून्य केला. हौलदिली दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवली, पण तळाला टेकू दिली नाही. चिकटलेले बुडबुडे ब्रशने झटकले. काट्यावर आलं 7.20 ग्रॅम. कोरडं वजन 21.24 ग्रॅम. कोरड्या वजनाला पाण्यातल्या आकड्याने भागलं, आलं 2.95. हा नेफ्राइटचा, म्हणजे खऱ्या जेडच्या दोन प्रकारांपैकी एकाचा आकडा. दुसरा प्रकार जेडाइट, तो 3.3 च्या वर जातो. जेड म्हणून खपवतात ते सर्पेंटाइन 2.6 च्या आसपास आणि हिरवं अ‍ॅव्हेंचुरिन 2.65. नेफ्राइट आणि जेडाइट हे दोन वेगळे दगड असल्याचं दामूर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1863 मध्ये दाखवलं. काकांना मी वजनाच्या हिशेबाचा कागद नेऊन दाखवला, तर चष्मा सापडेना.

तेव्हा पेला आणि काटा. ‘हाताला थंड लागतं’, ‘टणटण वाजतं’ हे सोडा, काचही थंडच लागते. ब्लेडही नको. सर्पेंटाइनवर ओरखडा उठेल आणि कोरीव वस्तू जाईल. नाही उठला तरी अ‍ॅव्हेंचुरिनवरही उठत नाही, म्हणजे कळलं काहीच नाही.

आता एक राहिलं. तुमच्या संचात कुंदन किंवा सोन्याचं कोंदण असेल तर हा भागाकार उपयोगाचा नाही, सोनं आकडा फुगवतं. मग रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेतच पाठवा. जेडाइट निघालं तर आम्लाने धुऊन आत राळ भरलीय का, हेही तिथे कळतं. अशा दगडाची किंमत फार कमी होते. वय मात्र प्रयोगशाळा सांगत नाही. भिंगातून दोऱ्याचं भोक बघा. जुनी भोकं बहुधा दोन्ही बाजूंनी पाडलेली, मध्ये किंचित चुकलेली असतात. पण नक्कल करणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. वस्तू शंभर वर्षांवरची निघाली तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याने परदेशी पाठवता येणार नाही, कुणा नातेवाइकाला अमेरिकेत द्यायचा विचार असेल तर आत्ताच सोडा.

घ्यावेत का? भावाचं मी सांगत नाही, तो कोरीव कामावर ठरतो. गहाण सुटलं नाही म्हणून विकताना मूळ मालकाला नोटीस दिली होती का, ते मात्र विचारा. करार कायद्याचं 176 वं कलम तेच सांगतं. ‘गहाणाची वस्तू घरात आणली की तळतळाट लागतो’ हे आमच्या काकांचं दुसरं पालुपद. त्या हौलदिलीच्या मालकाला नोटिशीचं पत्र वडिलांनीच लिहिलं होतं, पोचपावती अजून माझ्याकडे आहे. कुणी सोडवायला आलं नाही. यात तळतळाट कुणाचा, ते काकांनी एकदा सांगावं.