आठ तासांचं काम आणि भरपगारी रजा आपल्याकडे पूर्वी खरंच नव्हती का?

नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंड्यांनी मागणी लावून धरली तेव्हा कुठे 1890 साली रविवार सुटीचा झाला. तास उतरले तेही रडतखडत: 1922 ला आठवड्याचे 60, 1934 ला बारमाही कारखान्यांना 54, 1946 ला 48 (सहा दिवसांना वाटले तर रोज आठ). 1948 च्या फॅक्टरी कायद्यातही 48च. गोव्यात तो कायदा आला मुक्तीनंतर.

पगारी रजेवरून मात्र माझं डोकं अजून तापतं. गोव्यात कुंडईला कारखान्यात पॅकिंगला होतो. चवथीसाठी, म्हणजे गणेश चतुर्थीसाठी, आठ दिवसांची रजा टाकली. ऑफिसातला बाबू मस्टरवर पट्टी ठेवून पेन्सिलीने एकेक महिना मोजत गेला आणि म्हणाला, "गेल्या वर्षी तुझे 236 दिवस भरले. रजेला लागतात ते 240 नाहीत. रजा शून्य." मी मान हलवून बाहेर आलो! चवथीला सेकंड शिफ्ट केली. घरी गणपतीवरची फळापानांची माटोळी शेजारच्या पोराने बांधली. मी पोचलो तेव्हा आरती आटपून आई समईत तेल घालत होती.

महिन्याभराने बसस्टॉपवर दुसऱ्या कारखान्यातला एक युनियनवाला भेटला. त्याने विचारलं, आदल्या वर्षीची रजा घेतली होतीस का? बहिणीच्या लग्नाला सहा दिवस घेतली होती. मग तेही 240 मध्ये धरतात, म्हणाला. म्हणजे झाले 242. रजा मात्र प्रत्यक्ष कामाच्या दिवसांवर, विसाला एक. 236 ला अकरा आणि वर अर्ध्याहून जास्त, म्हणून बारा. फॅक्टरी कायद्याचं कलम 79, वाचून घ्या. अर्ज केल्यावर बारा दिवस मिळाले, डिसेंबरात. तेव्हा घेऊन काय करू?

तेव्हा मस्टर स्वतः मोजा, बाबूवर सोडू नका. (हे कारखान्यांचं झालं. दुकानं, हॉटेलं, खाणी यांचे नियम तेव्हा वेगळे होते. 2020 च्या नव्या कामगार संहितेत 240 चे 180 केलेत, त्यामुळे माझा हिशेब जसाच्या तसा उचलू नका.)

आमचा काका अजून ऐकवतो, "रजा म्हणजे पात्रांवची, मालकाची मेहेरबानी. मी फोंड्याला तीस वर्षं दुकान चालवलं, कधी रजा मागितली?" मागणार कोणाकडे? एक वाजला की शटर खाली, शीतकडी जेवून चार वाजेपर्यंत घोरतो. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं तर काकी खिडकीतूनच सांगते, "चारला या."