गांजाच्या केसमध्ये गुन्हा कबूल करून मोकळं व्हावं का?

"गुन्हा कबूल केला, दंड भरला की विषय संपेल ना मॅडम?" हे मला बऱ्याच आया विचारतात, आणि त्यात वकिलांनी प्ली बार्गेनिंगचं, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षा घ्यायच्या तडजोडीचं, नाव काढलं की घरच्यांना वाटतं चला सुटलो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक केस सांगते.

मुलगा २२ वर्षांचा, बॅगेत ४० ग्रॅम गांजा सापडला. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा १ किलोपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण, शिक्षा जास्तीत जास्त १ वर्ष किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्ली बार्गेनिंग ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांनाच लागू होतं म्हणून इथे तो रस्ता होता, १ किलोच्या वर माल असता तर शिक्षा १० वर्षांपर्यंत जाते आणि मग विषयच नाही. वकील म्हणाले पहिलाच गुन्हा आहे, कमाल शिक्षेच्या एक षष्ठांश म्हणजे दोनेक महिन्यांवर नाहीतर दंडावर भागू शकेल, पण नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे त्या कायद्याप्रमाणे, आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज द्यायचा. झालं, आईंनी घाईच लावली.

मी आईंना बाहेर बसायला सांगितलं आणि त्याला एवढंच विचारलं, माल तुझाच होता का? कारण मित्राला वाचवायला नाहीतर घरातली रडारड थांबावी म्हणून हो म्हणणारी मुलं असतात, आणि जे केलंच नाही ते कबूल करू नये यावर मी ठाम आहे. कायद्यातही यासाठीच न्यायाधीश समोरच्या बाजूला बाहेर ठेवून आरोपीला विचारतात की अर्ज स्वखुशीने केलायस ना.

माझाच होता म्हणाला. मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं, कॉलेजपासून रोज ओढतो, नाही ओढला तर झोप नाही, भूक नाही, सोडायचं ठरवतो आणि चार दिवसांत परत सुरू.

इथे माझ्यासाठी केसच बदलली. एनडीपीएसमध्येच कलम ६४ए म्हणून एक तरतूद आहे, व्यसनी माणूस अल्प प्रमाणाच्या केसमध्ये अडकला आणि सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचार घेतले तर त्याच्यावर खटला चालत नाही. हे आईंना सांगितलं तर त्या एकदम म्हणाल्या, "कागदावर व्यसनी नका हो लिहू, लग्न कसं होणार त्याचं?" म्हणजे दोषी चालेल पण व्यसनी नको! मला हे ऐकून फार वाईट वाटतं, कारण प्ली बार्गेनिंगमध्ये शिक्षा कमी होते पण दोषी हा शिक्का लागतोच, त्यावर नेहमीसारखं अपील नाही, आणि पुढे तसाच गुन्हा झाला तर ही सवलत परत मिळत नाही, उलट एनडीपीएसच्या कलम ३१ खाली कमाल शिक्षा दीडपट होऊ शकते. रोज ओढणारा मुलगा उपचाराशिवाय परत पकडला जाणार नाही असं कोण सांगणार?

प्ली बार्गेनिंग वाईट असं मी म्हणत नाही. गुन्हा खरंच केलाय, पुरावा पक्का आहे, व्यसन नाही, अशा मुलाला ते बरोबर ठरू शकतं, आणि अशाला ६४ए साठी व्यसनाचं पत्र द्या म्हणून कोणी आलं तर मी देत नाही.

निर्णय मी दिला नाही. त्याला सांगितलं प्ली बार्गेनिंग आणि ६४ए, दोन्ही अर्ज वकिलांकडून समजून घे, कलम २० (गांजा बाळगणं) लावलंय की २७ (सेवन करणं) तेही विचार, कारण १८ च्या वरच्यांना प्रोबेशन कायद्याचा (तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याचा) फायदा २७ मध्ये मिळू शकतो, २० मध्ये नाही. दोन दिवसांनी त्यानेच फोन केला, म्हणाला आईला तुम्ही सांगा, मी ॲडमिट होतो. आई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, मग त्याच त्याला सेंटरला घेऊन गेल्या. वकिलांनी ६४ए चा अर्ज टाकलाय. उपचार पूर्ण केले नाहीत तर ही सूट काढून घेता येते, म्हणून सेशन चुकवलं की मी लगेच फोन करते.

आता त्याला टेन्शन आहे सरकारी भरतीच्या फॉर्मचं. त्याला सांगितलंय, अटक झाली होती का असं विचारलं असेल तर हो लिहायचं आणि कोर्टाची ऑर्डर जोडायची, कारण २०१६ च्या अवतार सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने माहिती खरीच द्यायला हवी असं स्पष्ट म्हटलंय, केस छोटी असली तर मालक ती सोडून देऊ शकतो पण लपवाछपवीमुळे लागलेली नोकरीही जाऊ शकते.