सँक्शन म्हणजे मंजुरी की बंदी?

प्रश्न असा की लोन सँक्शन झालं म्हणजे मंजूर झालं, मग बातम्यांत 'अमुक देशावर सँक्शन्स लादले' हे कसं काय? एकच शब्द होकार पण देतो आणि नाक पण दाबतो?

हो, दोन्ही करतो. ज्या लॅटिन शब्दावरून हा आलाय त्याचा अर्थ ना मंजुरी ना बंदी, तर एखादी गोष्ट पवित्र, मोडता न येणारी ठरवणं, कायदा करून पक्की करणं. आता कायदा पक्का करायचा तर वरून शिक्का लागतो आणि मोडणाऱ्याला शिक्षाही लागते. शिक्क्याकडून मंजुरी आली, शिक्षेकडून निर्बंध आले. १९३५ साली इटलीने अबिसिनियावर (आजचा इथिओपिया) हल्ला केला तेव्हा राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स, आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) इटलीवर लादले ते हेच सँक्शन्स. ओळखायचं कसं, तर अनेकवचनी नाम आणि पुढे 'ऑन' असेल तर निर्बंध समजा. क्रियापद असेल तर बहुतेक वेळा मंजुरी, पण पूर्ण भरवसा नको, वकिली इंग्रजीत दंड करणं या अर्थाने पण ते येतं.

पण असे सगळेच शब्द एका मुळाचे नसतात, आणि मला तर हे जास्त मजेशीर वाटतं. क्लीव्ह म्हणजे चिरून वेगळं करणं आणि घट्ट चिकटून राहणं पण! जुन्या इंग्रजीत ही दोन वेगळी क्रियापदं होती, उच्चार झिजून झिजून एकसारखी झाली इतकंच. 'लेट'चं पण तसंच. लेट म्हणजे करू देणं हे सगळ्यांना माहीत, पण अडवणं या अर्थाचा दुसरा लेट होता, हॅम्लेट भुताच्या मागे जाताना म्हणतो की मला जो 'लेट' करेल त्याचंच भूत करीन, तो हाच. आता तो ब्रिटिश पासपोर्टवरच्या मजकुरात उरलाय आणि टेनिसमध्ये, सर्व्हिस नेटला लागून पलीकडे पडली की ओरडतात ते लेट (नेट नव्हे, बरेच जण नेटच ऐकतात).

फास्टचा मूळ अर्थ घट्ट, पक्का. वेगवान हा अर्थ नंतरचा. म्हणून फास्ट कलर म्हणजे न जाणारा रंग, जागचा न हलणारा. डस्टचं सोपं आहे, नामाचं क्रियापद केलं की धूळ झटकली की टाकली ते सांगायचं राहूनच जातं, कपाट डस्ट केलं तर धूळ गेली आणि पोलिसांनी बोटांच्या ठशांसाठी डस्ट केलं तर पावडर आली.

खरा घोळ घालणारा शब्द म्हणजे टेबल. ब्रिटिशांच्या लेखी विषय टेबल करणं म्हणजे चर्चेला घेणं, अमेरिकनांच्या लेखी बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात यावरून दोन्ही बाजूंची लांबलचक वादावादी झाल्याचं चर्चिलने लिहून ठेवलंय, आणि दोघांना हवं होतं एकच.

इंग्रजीला हसायच्या आधी आपलं 'परवा' बघा. संस्कृतातलं 'आरात्' तर अमरकोशात दूर आणि जवळ अशा दोन्ही अर्थांनी दिलंय. 'परवा भेटलो', 'परवा भेटू' इथे क्रियापद सांभाळून घेतं, पण कोणी नुसतं 'परवाची मीटिंग' म्हटलं की झाली का व्हायचीय हे विचारावंच लागतं.