मुलाच्या मानेतली गाठ अँटिबायोटिकने जात नाहीये, आता चिरा द्यावाच लागेल का?

मुलगा ५ वर्षांचा, दहा दिवस औषध झालं, गाठ तेवढीच आहे पण दुखत नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्यातलं ‘दुखत नाही’ वाचून थांबले. मी डॉक्टर नाही, पण आमच्या मुलीचं असंच झालं होतं.

साध्या जंतुसंसर्गाची गाठ अशी गप्प नसते. दोन-चार दिवसांत टरारून फुगते, कातडी लाल आणि गरम होते, मूल हात लावू देत नाही. घसा, किडलेली दाढ, नाहीतर उवांमुळे खाजवून डोक्यात झालेले फोड, हे तिचं मूळ. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटसारख्या औषधाने दोन-तीन दिवसांत उतार पडू लागतो. पू झालाच तर सोनोग्राफीत दिसतो, मग तो सुईने ओढतात किंवा चिरा देतात.

मुलीच्या गाठी मात्र महिना झाला तरी तशाच, एकमेकींना चिकटलेल्या. सासूबाई बघताक्षणी म्हणाल्या, “गंडमाळ आहे, बिब्बा घाला.” गंडमाळ म्हणजे मानेतल्या गाठींचा टीबी. निदान बरोबर निघालं, उपाय नाही. बिब्ब्याने कातडी भाजते, आतल्या टीबीला काही होत नाही.

एक सर्जन दुसऱ्याच दिवशी चिरा द्यायला तयार होते. बालरोगतज्ज्ञांनी थांबवलं. टीबीच्या गाठीला नुसता चिरा दिला की जखम लवकर भरत नाही, महिनोन्महिने वाहू शकते. त्यांनी सुईने नमुना काढून एफएनएसी (सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची तपासणी) आणि सीबीनॅटला (टीबीच्या जंतूंचा जनुकीय शोध घेणारी तपासणी) पाठवला. तुम्हीही आधी हेच विचारा. पू काढायची वेळ आली, तरी तो फेकू न देता तपासायला पाठवायला सांगा.

उपचार ६ महिने चालले: पहिले २ महिने चार औषधं, पुढचे ४ महिने तीन, वजनाप्रमाणे डोस. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्यातल्या रिफॅम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी होते, पहिल्या दिवशी मी घाबरले होते. मध्येच गाठ थोडी वाढलीसुद्धा. उपचार लागू पडत असतानाही असं होतं म्हणे, गोळ्या बंद केल्या नाहीत. आणि फक्त गाठीचा टीबी दुसऱ्या मुलांना लागत नाही, हे शाळेत समजवावं लागलं.

श्वास घ्यायला त्रास, गिळता न येणं, लाळ गळणं, मान वळवता न येणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा.

डॉक्टरांकडे जाताना आधीच्या औषधाची बाटली बरोबर न्या. लिव्होफ्लॉक्सासिन, लिनेझोलिडसारखी काही औषधं टीबीला अर्धवट दाबतात आणि निदान लांबतं.